४.२ च्या खाली जेवायचं नाही?

आबा सातारकर (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या घरात सध्या एक अलिखित कायदा लागू आहे. मोबाइलवर पाचपैकी ४.२ च्या खाली रेटिंग असलेल्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही. कायदा कन्येनं केलाय, अंमलबजावणी जावईबापूंकडे. हॉटेल समोर दिसत असतं, फोडणीचा वास रस्त्यापर्यंत येत असतो, माणसं बडीशेप चघळत बाहेर पडत असतात. पण मोबाइल ३.९ म्हणाला की गाडी पुढे. मग ४.६ वालं सापडेपर्यंत पोटात कावळे. आणि ते ४.६ वालं तरी काय असतं? दारात बैलगाडी, झाडाला झोपाळा, भिंतीवर 'सेल्फी पॉइंट' आणि मडक्यात पिठलं. पिठल्यात गुठळ्या. त्या गुठळ्यांचं कुणीच काही लिहिलेलं नसतं.

तर विचारायचं असं, की तुम्ही हे आकडे बघून जेवायला जाता का? हे आकडे मोजतात तरी काय, चव की झोपाळा? आणि ती फ्रान्सची स्टार देणारी मिशलिन गाइड आहे ना, जिच्यासाठी म्हणे तिथले शेफ जिवाचं रान करतात, तसलं काही आपल्याकडे असतं तर बरं झालं असतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोटोबा

आधी पोटोबा, मग रेटिंगोबा.

(पहिला प्रतिसाद माझा. आता वाचतो.)

कढीपत्ता

मी बघते, पण आकडा बघत नाही. थेट १ स्टारवाले रिव्ह्यू उघडते. ५ स्टारवाले सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे असतात: 'ऑसम फूड, गुड अँबियन्स, मस्ट व्हिजिट'. चिडलेला माणूस मात्र तपशील देतो. "फार तिखट, मुलांना काहीच खाता आलं नाही" असं दिसलं की आम्ही तिकडे निघालोच. "एक्स्ट्रा पावाचे पैसे लावले" यावरून ठाण्यात कुणी हॉटेल सोडत नाही. पण पोट बिघडल्याचं वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल, तर मग ४.५ असो नाहीतर ४.९, माझा रामराम.

नाखवा पणजीकर

कढीपत्ता +१.

आमच्याकडे एक खानावळ आहे. नाव सांगत नाही, आधीच दुपारी बसायला जागा मिळत नाही. थाळीत हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर, तिसऱ्यांचं सुकं, रव्यातला बांगडा, सोलकढी. अडीचच्या सुमारास नुस्तं (मासळी) संपतं आणि शटर खाली येतं. रेटिंग ३.८. का बरं, म्हणून एकदा सगळे रिव्ह्यू वाचून काढले. एकाला माशात काटे सापडले. एकाला बटर चिकन मिळालं नाही. एकानं साडेतीनला जाऊन बंद दार बघितलं आणि १ स्टार दिला. एकीला वेटर हसला नाही (तो घरीही हसत नाही, शेजारी राहतो माझ्या). चवीला नावं ठेवणारा एकही नाही. आणि जे रोज तिथे जेवतात, त्यांनी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. बँकेतला माणूस ताट संपवून घाईघाईनं काउंटरवर परतणार, की रिव्ह्यू टाकत बसणार?

निमिष

टायर विकणारी मिशलिन कंपनी जेवणाला स्टार देते हे मला अजून पचलेलं नाही. उद्या आपल्याकडेही पाट्या लागतील: 'येथे पंक्चर काढून व मिसळ तपासून मिळेल'.

सारिका ल्योन

निमिष, हसताय खरं, पण मूळ हिशोब टायरचाच होता.

आंद्रे आणि एदुआर मिशलिन या भावांचा कारखाना क्लेर्मो-फेराँ गावात. १९०० साली त्यांनी पहिली गाइड काढली तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या, आणि प्रती छापल्या ३५,०००. त्याही फुकट वाटल्या. आत काय, तर टायर कसा बदलायचा, गॅरेज कुठे आहे, पेट्रोल कुठे मिळेल, डॉक्टर कुठे, मुक्काम कुठे. लोक गाडी काढून लांब जाऊ लागले की टायर झिजणार आणि नवे खपणार, इतका साधा व्यापार. १९२० पासून पुस्तकाला किंमत लावली. १९२६ ला जेवणासाठी स्टार आला, १९३१ ला एक-दोन-तीन अशी उतरंड आणि १९३६ ला निकष छापले. दोन स्टार म्हणजे 'वाट वाकडी करून जावं असं', तीन म्हणजे 'मुद्दाम प्रवास करावा असं'. बघा, स्टारची व्याख्याच मुळी गाडी किती पळवायची यावर बेतलेली!

आबांच्या झोपाळ्याबद्दल: स्टार फक्त ताटातल्या पदार्थांसाठी असतो. माल कसा आहे, हात कसा आहे, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप, आणि पुन्हा गेलं तरी तेच मिळतं का. थाटमाटासाठी पूर्वापार काटे-चमच्यांची वेगळी खूण असायची, तिचा स्टारशी संबंध नव्हता. तपासनीस कंपनीचे पगारी नोकर, ओळख न देता येतात, बिल भरून जातात.

माझं गाव ल्योन तर या स्टारांचं माहेरच. इथल्या युजेनी ब्राझिए नावाच्या बाईंनी १९३३ साली आपल्या दोन्ही हॉटेलांना तीन-तीन स्टार मिळवले. एक शहरात, एक डोंगरात. नामवंत शेफ पॉल बोक्यूझ त्यांच्याच हाताखाली शिकले. बोक्यूझ यांच्या हॉटेलाचे तीन स्टार १९६५ पासून टिकले, आणि ते वारल्यावर दोन वर्षांनी, २०२० मध्ये, तिसरा गेला तेव्हा इथे सुतकच होतं.

पण गंमत सांगते. माझ्या ऑफिसातले ल्योनकर रविवारी जेवायला जातात ते 'बुशों'त. म्हणजे इथल्या जुन्या खानावळी. लाकडी बाकं, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, कनेल, कांद्याचं सूप. यातल्या बहुतेकांना स्टारबिर काही नाही. कुठल्या बुशोंत जायचं हे गाइड उघडून कुणी बघत नाही, सासूबाई सांगतात. गाइड परगावच्या माणसासाठी निघाली होती. आपल्याकडच्या ॲपनं गावातल्या माणसालाच परगावचा करून टाकलंय, असं मला सुट्टीत पुण्याला आले की वाटतं. माझा भाऊ कोपऱ्यावरच्या हॉटेलचंही रेटिंग बघतो, जिथे तो शाळेपासून खातोय.

पोटोबा

बाकी कळलं. कनेल म्हणजे काय?

सारिका ल्योन

पाइक माशाचा गर, अंडी, लोणी आणि मैदा घोटून केलेला लांबट गोळा. वर सॉस ओतून भाजतात, टम्म फुगतो.

पोटोबा

कोफ्ता म्हणा की सरळ.

जुना दादरकर

सारिकाताई, माहितीबद्दल दंडवत.

एक आठवण. २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत आमच्या दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली होती. पेपरात फोटोबिटो. आम्ही तिथे वर्षानुवर्षं थालीपीठ आणि साबुदाणा वडा खायला जाणारे. त्यानंतर रांगेत शेजारी उभा असलेला माणूस विचारायचा, "वो अवॉर्डवाली मिसल यहीं मिलती है ना?" त्याला कोथिंबीर वडी पण घ्या म्हणून सांगितलं तर तो मोबाइल बघून म्हणाला, "उसका कुछ लिखा नहीं है."

शाहूपुरी कट

दादरची मिसळ जगात पहिली? परीक्षकांची गाडी पंचगंगेच्या अलीकडेच पंक्चर झाली असणार. टायरवाल्यांना बोलवा.

वऱ्हाडी तर्री

कट नाही हो, तर्री. आणि वर पोहे पाहिजेत, नाहीतर ती मिसळ कशी?

शाहूपुरी कट

पोहे??? लेखनसीमा.

आबा सातारकर

मिसळीचा तंटा वेगळ्या धाग्यावर न्यावा ही नम्र विनंती. इथे आधीच पोटात आग पडलीय.

गल्ल्यावरचा

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. नाशिकला आमचं छोटं हॉटेल आहे, वडिलांनी सुरू केलेलं. आता गल्ल्यावर मी बसतो, म्हणून हा आयडी.

पूर्वी सकाळी भाजीवाला, दूधवाला आणि गॅस, हे तीन हिशोब झाले की दिवस सुरू व्हायचा. आता उठल्या उठल्या रात्रीचे रिव्ह्यू बघतो. घरी पार्सल मागवणाऱ्याच्या पिशवीत रस्सा सांडला, आणणारा पोरगा पावसात अडकला, तर १ स्टार आमच्या नावावर. टेबलावरचं गिऱ्हाईक बिल आलं की मोबाइल हातात धरून "कुछ कम करो, रिव्ह्यू डालना है" म्हणतं, हे महिन्यातून कधीतरी होतंच. फोन येतात: इतके रिव्ह्यू, इतके पैसे, भाषा मराठी पाहिजे की इंग्रजी? मी घेत नाही. समोरचा घेतो की नाही मला माहीत नाही, पण त्याच्याकडे एकाच आठवड्यात चेन्नई, लुधियाना आणि गुवाहाटीची माणसं जेवून खूश होऊन गेलेली दिसतात.

हे सगळं चालतं, धंदा आहे. माझं दुखणं वेगळं. आमचे वस्ताद वडिलांच्या वेळचे. काळा मसाला स्वतः भाजतात, दगडफूल कमी पडलं तर माझ्यावर ओरडतात. आमची शेवभाजी म्हणजे नाकातून पाणी काढणारी, आणि टेबलावर ठेच्याची वाटी कायम. मग बायपास झाला, बाहेरच्या गाड्या यायला लागल्या आणि 'टू स्पायसी' सुरू झालं. दोन-दोन, तीन-तीन स्टार. ४.३ वरून ३.९ ला आलो आणि रात्रीची चार-पाच टेबलं रिकामी दिसायला लागली. मी काय केलं? ठेच्याची वाटी उचलली, मागितली तरच देतो. शेवभाजीत तिखट कमी केलं, वर थोडं क्रीम. वस्तादांना सांगताना मान वर करून बघवलं नाही. ते फक्त एवढंच म्हणाले, "मग शेवभाजी लिहू नका बोर्डावर." आता आम्ही ४.४ आहोत. जुनी गिऱ्हाइकं आली की वस्ताद त्यांच्यासाठी वेगळा तवा टाकतात. मेनूवर ते नाही.

म्हणून आबा, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं, की तो आकडा नुसतं मोजत नाही, ताट बदलतो.

कढीपत्ता

गल्ल्यावरचा, वस्तादांना नमस्कार सांगा. नाशिकला आल्यावर मागच्या तव्यावरची शेवभाजी कशी मागायची तेवढं सांगून ठेवा.

आकडेमोड

गल्ल्यावरचा यांच्या रिकाम्या टेबलांना अभ्यासाचा आधार आहे. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलच्या रेस्टॉरंटांची विक्री आणि येल्प या अमेरिकी रिव्ह्यू-साइटवरचे स्टार ताडून पाहिले. एक स्टार वाढला की उत्पन्न साधारण ५ ते ९ टक्के वाढतं असं निघालं. हुशारी कुठे होती, तर येल्प तेव्हा सरासरी अर्ध्या स्टारला पूर्ण करून दाखवायचं. म्हणजे ३.२४ वाल्याला ३ आणि ३.२५ वाल्याला ३.५. दोघांच्या स्वयंपाकात काही फरक नाही, पण दिसणारा आकडा अर्ध्यानं वेगळा. गिऱ्हाईक त्या दिसणाऱ्या अर्ध्या स्टारमागे धावतं, हे त्यामुळे पकडता आलं. आणि परिणाम दिसला तो एकट्यादुकट्या मालकांच्या हॉटेलांवर, मोठ्या साखळ्यांवर नाही. साखळीत काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असतं.

आबांच्या ४.२ बद्दल: सरासरी एकटी बघू नये, किती जणांची आहे ते बघावं. बारा जणांचे ४.९ म्हणजे मालकाचं मित्रमंडळ. सहा हजारांचे ४.१ म्हणजे काहीतरी आहे. आणि ३.९ आणि ४.२ मधला फरक हा पुष्कळदा पार्किंगचा असतो.

खोटेपणाची हद्द बघायची असेल तर लंडनचा किस्सा. ऊबा बटलर नावाचा पत्रकार पूर्वी पैसे घेऊन खोटे रिव्ह्यू लिहायचा. २०१७ मध्ये त्यानं आपल्या परसातल्या शेडलाच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायजरवर चढवलं, 'द शेड ॲट डलिच'. जागा फक्त आगाऊ नोंदणीनं, आणि नोंदणी कायम फुल्ल. पदार्थांचे फोटो शेव्हिंग फोम आणि भांडी धुवायच्या गोळ्या वापरून काढलेले. मित्रांचे रिव्ह्यू पडत गेले आणि अठरा हजारांहून जास्त रेस्टॉरंटांच्या लंडनमध्ये ते पहिल्या नंबरावर गेलं. तिथे तोवर एकही माणूस जेवला नव्हता.

आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणलं, आयएस १९०००:२०२२. रिव्ह्यू देणारा खरा आहे का ते तपासा, विकत घेतलेले छापू नका, वगैरे. ऐच्छिक आहे. पुढचं आपण समजून घ्यायचं.

निमिष

शेव्हिंग फोमचा केक आमच्या ऑफिसच्या वाढदिवसांना खाल्लाय बहुतेक.

जुना दादरकर

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

वाचनवेडी

सगळे गर्दीच्या रेटिंगला नावं ठेवताहेत म्हणून दुसरी बाजू. एकट्या समीक्षकाच्या हातात सगळं होतं तेव्हा तरी काय रामराज्य होतं? रूथ रायकल १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रेस्टॉरंट-समीक्षक झाल्या. तिथल्या रेस्टॉरंटांच्या भटारखान्यात म्हणे समीक्षकांचे फोटो लावलेले असायचे, म्हणून बाई विग घालून, वेष पालटून जायच्या. 'ल सर्क' या बड्या ठिकाणी साध्या बाईच्या वेषात गेल्या तर ताटकळत ठेवलं, कोपऱ्यातलं टेबल दिलं. समीक्षक म्हणून ओळखल्यावर मालक म्हणाला, स्पेनचे राजे बारमध्ये थांबलेत, पण तुमचं टेबल तयार आहे. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि टाइम्सच्या चार स्टारांचे तीन केले. म्हणजे त्याआधीचे चार स्टार कुणाच्या जेवणाला होते?

आजचे रीलवाले तर आधी फोन करून, दिवे घेऊन, फुकट जेवायला जातात. त्यांच्या ताटात पडलेलं आपल्या ताटात कशावरून पडेल? निदान सहा हजार लोक बिल भरून तरी जेवलेले असतात.

चिन्मय बँकॉक

मिशलिन आपल्याकडे असती तर, या प्रश्नावर इथला अनुभव. बँकॉकची गाइड २०१७ च्या डिसेंबरात आली. थायलंडच्या पर्यटन खात्यानं त्यासाठी पैसे मोजले होते. अनेक देशांत असंच चालतं, खातं खर्च उचलतं आणि मग तपासनीस येतात. पहिल्याच यादीत 'जे फाय' या बाईंना एक स्टार मिळाला. रस्त्याकडेचं दुकान, कोळशाच्या शेगड्या, डोळ्यांवर स्कीइंगचा गॉगल लावून स्वतः कढईशी उभ्या असतात. खेकड्याचं ऑमलेट प्रसिद्ध. स्टारनंतर रांग अशी लागली की त्या स्वतःच एका मुलाखतीत म्हणाल्या, हा स्टार परत देता आला असता तर बरं. येणाऱ्यांतले बरेच नुसते बघायला आणि फोटो काढायला. आमच्या थाई शेजारीण पूर्वी तिथे जायच्या, आता जात नाहीत.

सिंगापूरला २०१६ मध्ये हॉकर सेंटरमधल्या एका गाड्याला स्टार मिळाला होता, सोया सॉसमधलं चिकन आणि भात, दोन-एक डॉलरला. मग त्यांच्या शाखा निघाल्या, आणि २०२१ मध्ये स्टार गेला.

भारतासाठी मिशलिनची रेस्टॉरंट गाइड अजून नाही. पण भारतीय जेवणाला स्टार मिळतात, बाहेर. लंडनमध्ये अतुल कोचर आणि विनीत भाटिया यांना २००१ मध्येच मिळाले. मुंबईच्या गरिमा अरोरांना इथे बँकॉकमध्ये २०१८ साली. आणि २०२५ मध्ये दुबईच्या 'ट्रेसिंड स्टुडिओ'ला तीन स्टार मिळाले, भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला पहिल्यांदाच. म्हणजे आपलं जेवण परीक्षेला बसायला परदेशात जातं.

शाहूपुरी कट

तांबडा-पांढऱ्याला परीक्षेची गरज नाही. परीक्षकाला आहे.

सारिका ल्योन

चिन्मय यांच्या 'परत देता आला असता तर'वरून. इथे खरंच परत देऊन झालंय. लाग्योल गावच्या सेबास्तियाँ ब्रा या शेफनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, आम्हाला गाइडमधून वगळा, कुठल्याही दिवशी तपासनीस येईल या धास्तीखाली रांधायचं नाही. २०१८ ला वगळलं. २०१९ ला न विचारता परत घातलं, दोन स्टार देऊन!

शेफ मार्क व्हेरांचं तर कोर्टात गेलं. २०१९ मध्ये तिसरा स्टार काढला, तेव्हा त्यांचं म्हणणं असं की तपासनिसाला त्यांच्या सूफ्लेत चेडर चीज असल्याचं वाटलं. आमच्या डोंगरातलं चीज आहे, पिवळा रंग केशराचा आहे. नुकसानभरपाई मागितली एक युरो. हरले.

हे हसण्यासारखं आहे, पण शेफ बेर्नार लोआझो यांनी २००३ मध्ये जीव दिला, तेव्हा दुसऱ्या एका गाइडनं त्यांचे गुण नुकतेच २० पैकी १९ वरून १७ केले होते आणि मिशलिनचा तिसरा स्टार जाणार अशी कुजबुज होती. तो स्टार गेला नाही. डोक्यावर कर्ज होतं, आजार होता, एकट्या गाइडवर खापर फोडता येणार नाही. तरी गल्ल्यावरचा यांचा '४.३ वरून ३.९' वाचताना मला तेच आठवलं. तिथे निदान वर्षातून एकदा निकाल लागतो. तुमचा रोज सकाळी.

बर्मिंगहॅमचा बाळू

इकडचं एक राहिलं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये खाण्याच्या दुकानांना स्वच्छतेचे ० ते ५ आकडे असतात, स्थानिक कौन्सिलचा अधिकारी न सांगता येऊन तपासतो. दारावर हिरवं-काळं स्टिकर. वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून ते लावणं सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये नाही, त्यामुळे इकडे स्टिकर दिसलं नाही की काय ते समजायचं. चवीचा यात काहीच संबंध नाही. आमच्या भागातलं सगळ्यात चविष्ट बाल्टीवालं (कढईतल्या करीचं) दुकान २ वर आहे आणि सगळ्यात बेचव सँडविचवालं ५ वर. मी दोन्हीकडे जातो, पण आईला घेऊन २ वाल्याकडे नाही.

आपल्याकडेही एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची स्वच्छतेची रेटिंग आहे, पाच स्मायलीपर्यंत. दारावर लावलेली कुणी पाहिलीय का?

सातारकरांची लेक

नमस्कार. वर ज्या कन्येचा उद्धार झालाय ती मीच. बाबांनी 'एक छान धागा काढलाय, वाच' म्हणून स्वतःच लिंक पाठवली.

बाबा, ४.२ चा कायदा चवीसाठी कधीच नव्हता. मी, आई आणि चार वर्षांची पोरगी गाडीत असतो. मी रिव्ह्यूंमध्ये एकच शब्द शोधते, 'वॉशरूम'. आतून कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का, वाट भटारखान्यामागच्या अंधारातून आहे का. तुम्हाला हायवेला कुठेही गाडी थांबवून चालतं. आई निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते, हे तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या फोडणीचा वास येणाऱ्या हॉटेलाबाहेर नुसते पुरुष आणि ट्रक दिसले, तर मी ३.९ म्हणते आणि गाडी पुढे घ्यायला सांगते. कधीकधी बघतही नाही किती आहे ते.

झोपाळ्याचं म्हणाल तर पोरगी झोपाळ्यावर बसली की मला गरम जेवता येतं. पिठल्यात गुठळ्या होत्या हे मान्य.

कढीपत्ता

लेकी, +१००. माझी १ स्टारवाल्या रिव्ह्यूंची शोधाशोधही निम्मी याचीच असते, वर लिहिलं नाही इतकंच.

वाचनवेडी

बाळू यांचं स्टिकर यासाठी हवं. चव आपली आपण बघून घेऊ. न्यूयॉर्कला २०१० पासून खिडकीत ए, बी, सी लावावं लागतं.

आबा सातारकर

कन्येनं चारचौघांत घेतलं. हिच्या आईला विचारलं, तर म्हणाली, "पस्तीस वर्षांत आज विचारलंत." स्वच्छतागृहाचा मुद्दा बिनशर्त मान्य. यापुढे मीही तो शब्द शोधीन. पण मग त्याचा आकडा वेगळा द्या की! झोपाळा, पार्किंग, वॉशरूम, वेटरचं हसू आणि पिठलं, सगळं एकाच ४.६ मध्ये घोटलं तर माझ्यासारख्या माणसाला पिठल्याचं कळणार कसं?

आकडेमोड

काही ॲपांवर जेवण, सेवा, वातावरण असे वेगळे आकडे देता येतात. लोक तिन्हींना एकच आकडा देऊन मोकळे होतात.

गल्ल्यावरचा

ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या हिला वाचून दाखवला. आमच्याकडे महिलांसाठी वेगळं आहे, पण दिवा बाहेरच्या बटणावर आहे आणि वाट मागच्या बाजूनंच. इलेक्ट्रिशियनला उद्या बोलावलंय. इतकी वर्षं रिव्ह्यू वाचतोय, हे कुणी लिहिलं नव्हतं, किंवा लिहिलेलं मी 'चवीबद्दल नाही' म्हणून सोडून दिलं असेल.

कढीपत्ता, हॉटेलचं नाव इथे टाकलं तर जाहिरात होईल, संपादक धागा उडवतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आल्यावर गल्ल्यावर फक्त 'मागचा तवा' म्हणा.

पोटोबा

मलाही व्यनि करा. मी ५ स्टार देऊनच निघतो घरून.

शाहूपुरी कट

पोहे घालून मिसळ खाणाऱ्यांना व्यनि करू नये.